कुरिअरवाल्याची सायकल : गुडघा, पाठ आणि खिसा

आपल्या सांगली-मिरजेत सायकलीवर पोट असलेली माणसे पूर्वीपासून आहेत. पोस्टमन, दूधवाले, पाववाले, आणि हे वर्तमानपत्र पहाटे आपल्या दारात टाकणारी मुले. गेल्या काही वर्षांत त्यांत कुरिअरच्या मुलांची भर पडली. त्यांतली बहुतेक मोटारसायकलवर असतात हे खरे. पण पेट्रोल लिटरला शंभराच्या वर गेल्यापासून गावातल्या गावात सायकलवरून पार्सले पोचवणारी पोरेही दिसू लागली आहेत. ही मुले दवाखान्यात येतात ती गुडघा, पाठ, मनगट यांची तक्रार घेऊन, आणि गोळी मागतात. पण या दुखण्याचे मूळ पुष्कळदा बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकलीत असते, असा माझा अनुभव आहे. म्हणून आजचा लेख औषधाचा नाही, सायकलीचा आहे.

मध्यंतरी कुरिअरच्या कचेरीत काम करणारा बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण आला. "डॉक्टर, गुडघा लई दुखतोय, गोळी द्या की," म्हणाला. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत होते, जिना उतरताना जास्त. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट संध्याकाळी बधिर होत होते. पाठ भरून येत होती. गुडघ्याला सूज नव्हती, मार लागलेला नव्हता. मी म्हटले, "तुझी सायकल दाखव." तो जरा चपापला, पण दाखवली.

सायकल दिसायला झकास. एकवीस गियर, पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, ट्रॅक्टरसारखे गोटेदार टायर. हप्त्यावर घेतलेली. सीट मात्र पार खाली बसवलेली, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असा त्याचा हिशेब. मागे स्प्रिंग असल्यामुळे कॅरियर बसत नाही, म्हणून सगळी पार्सले पाठीवरच्या पिशवीत. टायरात हवा अर्धीच. अशा सायकलीवर हा मुलगा रोज पस्तीस-चाळीस किलोमीटर फिरत होता. माणसाने गुडघे वाकवून अर्धवट उठाबशा काढत गणपती पेठेतून मिरजेपर्यंत जावे, तसा हा प्रकार.

त्याची सीट वर केली, व्यायाम सांगितले, आठवडाभराने बरे वाटले. पण त्याने विचारले, "डॉक्टर, दुसरी घ्यायची झाली तर कसली घेऊ? दुकानदार हायब्रिड घे म्हणतोय." प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. पोट सायकलीवर असणाऱ्याला चुकीची सायकल परवडत नाही. पैसे जातात, आणि शरीरही झिजते.

हायब्रिड म्हणजे काय?

हायब्रिड म्हटले की माझ्या पिढीला ज्वारी आठवते. १९६०च्या दशकात ती आली, पीक भरघोस देऊ लागली, आणि तिची भाकरी खाताना जुनी माणसे नाके मुरडू लागली. सायकलीतले हायब्रिड हे तसेच संकराचे प्रकरण आहे. एका बाजूला शर्यतीची सायकल, म्हणजे बारीक टायर, वजनाला हलकी, पण वाकून बसावे लागते. दुसऱ्या बाजूला डोंगरातली सायकल, म्हणजे जाड टायर, मजबूत, पण जड. या दोहोंच्या मधली ती हायब्रिड. चाके मोठी, टायर मध्यम जाडीचे, हँडल सरळ, बसणे बऱ्यापैकी ताठ. रोज डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या, पण अधूनमधून खड्डा आणि कच्ची गल्ली गाठणाऱ्या माणसासाठी कल्पना चांगली आहे.

आपली जुनी काळी सायकलही या कामाला वाईट नव्हे. पोस्टमनने आणि मुंबईच्या डबेवाल्याने तिच्यावर आयुष्ये काढली. २८ इंची चाक, दणकट कॅरियर, भक्कम स्टँड, चेनवर पूर्ण कव्हर, बसणे एकदम ताठ. दोष दोन. वजन वीस किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त, आणि ब्रेक सळ्यांचे, पावसात फारसे भरवशाचे नाहीत. दिवसाला दहा-बारा किलोमीटर फिरणाऱ्याने ती बेलाशक घ्यावी, स्वस्त पडेल. चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र ते जास्तीचे पाच-सहा किलो प्रत्येक चौकात थांबून पुन्हा निघताना जाणवतात. हायब्रिड चौदा-सोळा किलोपर्यंत मिळते.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो "सव्वीस का अठ्ठावीस?" हा चाकाच्या मापाचा प्रश्न झाला. तुमच्या शरीराला चाकाशी फारसे देणेघेणे नाही, फ्रेमशी आहे. पॅन्ट घेताना आपण कंबर मोजतो, चपलेचा नंबर विचारत नाही. सायकलीत मात्र उलटे चालते, आणि बऱ्याच स्वस्त मॉडेलांत तर फ्रेमचे एकच माप येते. पाच फूट दोन इंचाचा मुलगा आणि पाच फूट अकरा इंचाचा मुलगा दोघांनाही तीच सायकल दिली जाते. साधारण पाच फूट तीन ते पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाला हायब्रिडची सोळा-सतरा इंची फ्रेम बरोबर पडते. पण आकड्यापेक्षा खात्रीची परीक्षा अशी: पायांत रोजची चप्पल किंवा बूट घालून वरच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. दांडी आणि जांघ यांच्यात दीड-दोन इंच जागा राहिली पाहिजे. नाही राहिली तर एखादे दिवशी अचानक ब्रेक मारल्यावर काय होईल ते सांगायला नको. मग सीटवर बसून हँडल धरा. कोपर किंचित वाकलेले राहावे. हात ताठ ताणले जात असतील तर फ्रेम लांब आहे. पुढे मान आणि खांदे दुखणार.

सीटची उंची

या लेखातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे मात्र कापून ठेवा. भिंतीला हात टेकून सीटवर बसा. एका बाजूचे पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर त्या बाजूला कलता कामा नये. आता टाच काढून पायाचा चवडा पायडलवर ठेवा. गुडघ्यात थोडासा बाक राहील. हीच योग्य उंची. मोजपट्टीने पडताळायचे असेल तर अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा आणि त्याला ०.८८ ने गुणा. ७५ सेंटिमीटर असेल तर ६६ येते. पायडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या एक्सलच्या मध्यापासून सीटच्या पाठीपर्यंत तेवढे अंतर ठेवायचे.

सीट खाली असली की पायडल वर येते तेव्हा गुडघा फार दुमडतो, आणि त्या दुमडलेल्या स्थितीत जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. मिनिटाला साठ-सत्तर वेळा, तासन्‌तास. म्हणून दुखते ते वाटीच्या पुढे. उलट सीट फार वर असेल तर माणूस सीटवर डावी-उजवीकडे डुलतो, आणि दुखते ते गुडघ्याच्या मागे, मांडीच्या मागच्या शिरांत किंवा टाचेच्या वरच्या शिरेत. दुखणे पुढे की मागे, एवढ्यावरून सायकलवाल्याचा अर्धा निकाल लागतो.

सीट वर केली की पहिले दोन दिवस भीती वाटते, पाय टेकत नाहीत. त्यावर उपाय आहे. थांबायचे झाले की सीटवरून पुढे सरकून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहायचे. आपण लहानपणी हाफ पायडल मारत शिकलो, त्यापेक्षा हे नक्कीच सोपे. सीटच्या नळीवर एक रेघ असते, तिच्या वर नळी काढायची नसते. ती रेघ दिसेपर्यंत वर केल्याशिवाय गुडघा सरळ होत नसेल तर फ्रेम तुम्हाला लहान आहे, दुसरी बघा.

आता त्या विषयाकडे येतो, जो ही मुले दवाखान्यातून निघताना, दाराला हात लावल्यावर काढतात. "डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं." जांघेत, लघवीच्या जागेखाली बधिरपणा येतो. मनात भीती असते पुढच्या संसाराची. बोलायला कुणी नसते. मित्र चेष्टा करतात, भिंतीवरच्या जाहिरातींतले वैद्य पैसे उकळतात. वाचकहो, या बधिरपणाचे कारण साधे आहे. बसताना वजन ढुंगणाच्या दोन हाडांवर पडायला हवे. सीटचे नाक वर उचललेले असले, किंवा सीट अरुंद असली, की ते वजन मधल्या मऊ जागेवर पडते आणि तिथल्या नसा व रक्तवाहिन्या दाबल्या जातात. सीट पाण्याच्या पातळीसारखी सपाट ठेवा. दर दहा मिनिटांनी पायडलवर उभे राहून चार-पाच वेळा पाय मारा. बहुतेकांचा बधिरपणा एवढ्याने जातो. सायकलीने पुरुषत्व जाते हा समज खरा धरून चालू नका. मात्र सायकल बंद ठेवूनही बधिरपणा दोन-तीन दिवस टिकला, लघवीला अडथळा वाटला किंवा लघवीत रक्त दिसले, तर लाज न धरता डॉक्टरांकडे जा.

यावर लोक जाड जेलचे मऊ कव्हर आणतात. बसताना गादीसारखे वाटते, म्हणून खूष होतात. पण फार मऊ कव्हरात हाडे रुततात आणि मधला भाग उलट वर येऊन दाबतो. मध्यम टणक आणि आपल्या हाडांच्या रुंदीची सीट हेच खरे. स्त्रियांची ही हाडे सहसा जास्त अंतरावर असतात, म्हणून त्यांना रुंद सीट लागते. काही मुलीही आता हे काम करू लागल्या आहेत. त्यांनी दांडी खाली झुकलेली सायकल घ्यावी, आणि ओढणी चाकात जाणार नाही असे बघून चेनला कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी लावून घ्यावी.

घामाने जांघेत गजकर्णही होते. मेडिकलच्या दुकानातून मिळणाऱ्या मलमांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते आणि महिन्याभरात चट्टा दुप्पट होतो. असली मलमे स्वतःच्या मनाने लावू नका. सुती चड्डी, कोरडी जागा, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध सांगितले तितके दिवस.

ओझे कुठे ठेवायचे?

डबेवाल्याने डबे कधी पाठीवर बांधले नाहीत. कॅरियरला लावले, हँडलला लटकवले. पोस्टमनची थैलीही सायकलीवरच असे. आताच्या मुलांच्या पाठीवर मात्र चौकोनी खोके किंवा फुगलेली पिशवी असते. आठ-दहा किलो वजन पाठीवर घेऊन पुढे वाकून बसले की ते सारे मणक्यावर, खांद्यावर आणि तळहातावर उतरते. वर पाठ उन्हाळ्यात उकडून निघते, घामाला सुकायला जागा नाही. शिवाय वजन उंचावर गेल्याने तोल जातो. ज्या कंपन्या मुलांना काम देतात त्यांनी पाठीवरच्या पिशवीऐवजी कॅरियरवरची पेटी दिली, तर मलमपट्टीचा बराच खर्च वाचेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून सायकल घेताना मागच्या चाकाच्या एक्सलजवळ आणि सीटखाली फ्रेमला कॅरियरचे स्क्रू बसवायची भोके आहेत का ते बघा. गियर किती, रंग कोणता, हे नंतर. काही चकचकीत मॉडेलांना ही भोकेच नसतात. मागे स्प्रिंग असलेल्या सायकलीला चांगला कॅरियर जवळजवळ बसतच नाही, तेव्हा ती सरळ नाकारा. डिस्क ब्रेकचा यांत्रिक भाग कधीकधी कॅरियरच्या पायाला अडतो. तेव्हा कॅरियर दुकानातच बसवून घ्या, घरी नेऊन नव्हे. स्टँडही दोन पायांचा घ्यावा. एका पायाच्या तिरप्या स्टँडवर भरलेली सायकल उभी राहत नाही, आणि पडलेली सायकल उचलताना कंबर धरते.

पुढच्या स्प्रिंगचाही मोह आवरा. चांगल्या प्रतीचा पुढचा सस्पेन्शन महाग असतो. स्वस्तातला नुसता जड. तुम्ही पाय मारता तेव्हा तो खालीवर होतो आणि तुमच्या जोरातला काही भाग तोच खातो. खड्ड्यांसाठी टायर जरा रुंद घ्या, ३५ ते ४० मिलिमीटरचे, आणि हवा नीट ठेवा. साठ-सत्तर किलोच्या माणसाला या टायरात साधारण पन्नास ते साठ पौंड हवा पुरते; टायरच्या कडेवर कमाल आकडा लिहिलेला असतो, त्याच्या पुढे जाऊ नये. आठवड्यातून एकदा हवा तपासली तर पायाला लागणारा जोर किती कमी होतो ते स्वतःच बघा.

बोटांचा बधिरपणाही इथेच आला. कोपराकडून करंगळीकडे जाणारी नस तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाते. सरळ हँडलवर मनगट मागे मोडून, त्यावर अंगाचे वजन टाकून तासन्‌तास गेलो की ती दाबते. हँडल सीटच्या बरोबरीला किंवा थोडे वर घ्या, दर काही मिनिटांनी पकड बदला, मऊ गादीचे हातमोजे घाला. बोटांत जोर कमी वाटू लागला, चहाचा कप धरताना निसटू लागला, तर मात्र वाट पाहू नका.

गियर, ब्रेक आणि पंक्चरवाला

गियरबद्दल फार गैरसमज आहेत. एकवीस गियर म्हणजे पुढे तीन आणि मागे सात दात्यांची चक्रे; त्यांतले बरेचसे एकमेकांवर पडतात. सांगली-मिरज सपाट आहे. इथे गावात फिरणाऱ्याला बिनगियरची हायब्रिड चालते. बिघडायला काही नाही, चेनही जास्त टिकते. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेल्या साताऱ्यात किंवा चढउतारांच्या रत्नागिरीत काम असेल तर गियर हवेतच. पण तिथेही पुढे एक आणि मागे सात पुरेत. गियर असो वा नसो, पाय जड चालता कामा नयेत. मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या सहज पडतील असा वेग ठेवा. जड गियरवर दात-ओठ खात पाय मारणारा तरुण मर्द दिसतो खरा, पण चाळिशीत तो माझ्याकडे येतो.

ब्रेकच्या बाबतीत एकच ठाम सांगणे: चकचकीत लोखंडी रिम नको, अ‍ॅल्युमिनियमची घ्या. पावसात ओल्या लोखंडी रिमवर रबराची पकड फारच सुटते, आणि भरलेली सायकल चौकाच्या पलीकडे जाऊन थांबते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर साधे रबरी ब्रेक ठीक काम देतात; गुटके स्वस्त, बदलणे सोपे. स्वस्तातले डिस्क ब्रेक दिसतात भारी, पण ते वारंवार जुळवून घ्यावे लागतात.

दुकानदाराकडे जाण्याआधी आपल्या पंक्चरवाल्याकडे जाऊन या. हायब्रिडचे चाक बहुधा ७०० या मापाचे असते. त्याची ट्यूब आणि टायर प्रत्येक टपरीवर मिळत नाही. २६ इंचीचे मिळते. तुमच्या भागात ७०० ची ट्यूब मिळते का, केवढ्याला मिळते, हे विचारा. नसेल तर २६ इंची चाकाची, पण गोटे नसलेल्या गुळगुळीत टायरची साधी सायकल घेतली तरी हायब्रिडचेच काम होते. व्हॉल्व्ह मोटारसायकलीसारखा असलेला बरा, पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. बारीक नळीच्या परदेशी व्हॉल्व्हला पंप शोधत हिंडावे लागते. पार्सल वेळेत न पोचल्याने कापलेला पैसा कुणी परत देत नाही.

किमतीचे म्हणाल तर नवी बिनगियरची हायब्रिड साधारण आठ-नऊ हजारांपासून मिळू लागते, बऱ्या गियरची बारा ते वीस हजारांत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो बिलात नीट लागला आहे का ते पाहा. बजेट बारा हजार असेल तर नऊची सायकल घ्या आणि तीन हजार कॅरियर, पेटी, हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, मडगार्ड आणि कुलूप यांसाठी ठेवा. बारा हजारांची सायकल घेऊन दिव्याला पैसे न उरलेली मुले मी पाहिली आहेत. रात्री शंभर फुटी रस्त्यावर ती ट्रकवाल्याला दिसत नाहीत. सायकलवाल्याला हेल्मेटची सक्ती नाही, पण डोके तेच आहे.

हिशेब एकदा मांडून बघू. रोज चाळीस किलोमीटर, मोटारसायकल लिटरला पंचेचाळीस देते असे धरले, तर महिन्याच्या २६ दिवसांचे पेट्रोल सुमारे २,४०० रुपयांचे. म्हणजे बारा हजारांची सायकल पाच महिन्यांत फिटते. अर्थात फुकट काही नाही. मोटारसायकलवाला तेवढ्याच वेळात जास्त पार्सले टाकतो, तेव्हा चार-पाच किलोमीटरच्या टापूत काम असेल तरच सायकल परवडते. आणि इंधन पोटातून जाते. साठ किलोचा माणूस तासाला पंधरा किलोमीटरने चाळीस किलोमीटर गेला तर हजाराच्या आसपास कॅलरी जाळतो, म्हणजे रोजच्या जेवणाखेरीज चार-पाच मोठ्या भाकऱ्या. चहा-खारीवर दिवस काढणारा मुलगा महिन्याभरात गळतो. सकाळी भाकरी-भाजी खाऊन निघावे, खिशात शेंगदाणे-गूळ ठेवावा.

उन्हाळ्यात आणखी एक धोका आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला जातो, घाम वाहतो, पाणी कमी पडते. अशात अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेली वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. उपाशीपोटी घेतली तर जठरालाही. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले असे समजा. मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस घ्या, दुपारी बारा ते तीन शक्य तितके सावलीचे काम धरा. चाळिशी ओलांडलेल्याने, किंवा रक्तदाब, मधुमेह, दमा, हर्निया, मूळव्याध यांपैकी काही असलेल्याने हे काम धरण्याआधी एकदा तपासून घ्यावे.

नवी परवडत नसेल तर जुनी बघा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेल्या सायकली अजून कित्येक जिन्यांखाली धूळ खात पडल्या आहेत. टायरला तडे गेलेले असतात, चेन गंजलेली असते, पण फ्रेम जवळजवळ कोरी. घेताना वेल्डिंगच्या जोडांवर केसासारखी भेग आहे का बघा, तिथला रंग टवकारलेला असेल तर सोडून द्या. पुढचे चाक उचलून फिरवा, रिम ब्रेकला घासते का पाहा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलच्या मानेत खडखड वाटली तर छर्रे गेलेत. पायडलच्या दांडीला धरून आडवे हलवा, तिथे हललेले दिसले तर एक्सलचे काम आहे. टायर-ट्यूब, चेन, ब्रेकचे गुटके आणि ओव्हरऑइलिंग यांचा खर्च आधी मिस्त्रीला विचारून तो किमतीतून वजा करायला सांगा. मूळ पावती किंवा निदान मालकाच्या हातची लेखी चिठ्ठी आणि फ्रेमचा नंबर घ्या, म्हणजे चोरीची निघाल्यास तुम्ही अडकणार नाही.

नवी घेतली असेल तर पहिल्या दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर, म्हणजे कुरिअरवाल्याच्या बाबतीत आठवड्याभरातच, ती परत दुकानात न्या. तेवढ्यात चाकाच्या तारा बसतात आणि सैल पडतात, ब्रेकच्या वायरी ताणतात, पायडलच्या दांड्यांचे नट ढिले होतात. हे सगळे आवळून घ्यायला अर्धा तास पुरतो, आणि पुष्कळ दुकाने पहिली सर्व्हिस फुकट देतात. त्याच वेळी मिस्त्रीला सांगून सीटच्या नळीवर योग्य उंचीची खूण रंगाने करून ठेवा. सायकल दुसऱ्या कुणी वापरून सीट खाली केली, तर सकाळी घाईत मोजपट्टी शोधावी लागत नाही.